ज्याची माया त्याचं झाकण

मु. पळसटोला, ता. सडक अर्जुनी
९ नोव्हेंबर २००५

ती. अल्काताईंना,
मोनालीचा सप्रेम जयभीम वि. वि.

आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. तुमची भाची प्रज्ञा ठणठणीत आहे. आत्ताच अंगणात शेजारच्या पोरीशी भांडून आली. आता पुढचं बसून वाचा.

दिवाळीनंतरची आपल्या गावची मंडई, एवढी मोठी जत्रा, आणि तिच्या आदल्या दिवशी तुम्ही आमगावला निघून गेलात. माहेरची मंडई सोडून कोणी जाते का हो? भाऊजींची भारीच आठवण आली वाटतं! तर मंडईच्या दिवशी घर पाहुण्यांनी गच्च भरलं. प्रज्ञानं बाजारात जिलेबी खाल्ली, भजी खाल्ली, वर बर्फाचा गोळा. दुपारपासून ओकाऱ्या सुरू. तुमच्या राजदीपच्या दुखण्यातली उरलेली ओकारीच्या औषधाची बाटली फळीवर होती. मी एक झाकण पाजलं आणि पाहुण्यांच्या पोळ्या लाटायला बसले. आईंना पोर मलूल दिसली, त्यांनी एक पाजलं. ईश्वरदासकाकांच्या रुख्मिणीकाकू आल्या, त्यांनी एक. दंडारीचा खेळ पाहायला निघताना यांनीही एक पाजलं, बाप म्हणून! मंडईच्या घरात कोणी कोणाला विचारत नाही ताई, ज्याची माया त्याचं झाकण.

दिवेलागणीला पोरीची मान एका बाजूला वळली ती सरळच होईना. डोळे वर चढले, जीभ बाहेर, जबडा आखडलेला. शुद्धीवर होती, माझ्याकडे बघून रडत होती. ईश्वरदासकाका म्हणाले की गर्दीत बाहेरची हवा लागली, उतरवायला पुजाऱ्याकडे न्या. मी कोणाचं ऐकलं नाही. पोरीला उचललं, बाटली उचलली आणि पाहुण्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. मागून आई, रुख्मिणीकाकू आणि दंडारीतून धावत आलेले हेही चढले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी बाटली हातात घेतली आणि कोणी किती पाजलं ते विचारलं. एकेकानं आपापलं झाकण कबूल केलं आणि बेरीज चार झाली. मॅडमनी सुई दिली. थोड्या वेळानं मान आपोआप सरळ झाली हो ताई! पोरीनं आधी पाणी मागितलं, मग गोळा मागितला. मी तिथंच भोकाड पसरलं.

रात्रभर तिला तिथंच ठेवून घेतलं. मॅडमनी आम्हाला चांगलंच झापलं. हे औषध मुलाचं वजन बघून द्यायचं असते, मोठ्या पोराचं उरलेलं लहान्याला चालत नाही. कोण्या लेकराला तर बरोबर मापातही असा त्रास होतो, म्हणून दाखवल्याशिवाय पाजायचंच नाही. बहुतेक ओकाऱ्यांना मीठ-साखरेच्या पुडीचं पाणीच पुरते, चमच्या चमच्यानं, थांबून थांबून. पण ओकारी हिरवी झाली, रक्त पडलं, लघवी बंद झाली किंवा पोर गुंगीत गेलं, तर घरी बसायचं नाही.

एवढं होऊनही काका ऐकत नाहीत. सुईनं मान सरळ झाली, पण हवा आतच आहे म्हणतात. अमावस्येला पुजारी घरी आणणार आहेत. एकदा तो दारात आला की पोरीवर जन्माचा शिक्का बसेल. शाळेत तिच्याजवळ कोण बसेल? प्रज्ञाचे बाबा काकांपुढे बोलत नाहीत आणि आई गप्प आहेत, तेच मला खाते. तुमचं त्या ऐकतात. त्यांना लिहा.

तुमच्या मायेची सावली अशीच राहू द्या.
तुमची भाऊजय,
मोनाली

---

आमगाव
१४ नोव्हेंबर २००५

ती. आईस,
अल्काचा साष्टांग जयभीम.

तुझ्या सुनेचं पत्र वाचून ताटावरून उठली मी. ती बाटली मीच फळीवर विसरली. इथल्या घरातल्या उरलेल्या साऱ्या बाटल्या आज काढून टाकल्या. तुझे जावई बघतच राहिले, त्यांच्या खोकल्याचीही गेली.

पण तू काऊन गप्प आहेस? आपल्या बाबांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या दारात लिंबू कापलं गेलं नाही. आता नातीच्या मानेसाठी कापणार काय? काका मोठे आहेत, मान्य. घर तर तुझं आहे ना! मोनालीनं त्या संध्याकाळी जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं. मी रडत बसली असती. त्या पोरीच्या पाठीशी उभी राह्य, नाहीतर पुढच्या मंडईले माझी वाट पाहू नको.

रागानं लिहिलं, पण माया कमी नाही. तूही करू नकोस.
तुझीच,
अल्का

---

पळसटोला
२० डिसेंबर २००५

चि. अल्कास,
आईचा आशीर्वाद आणि जयभीम.

मले धमकी देतेस काय गं? मंडईले येशील नाहीतर कुठं जाशील! मी गप्प होती ते भेवानं नाही. मीही त्या दिवशी एक झाकण पाजलं होतं, तेच मनात सलून राहिलं होतं. कोणत्या तोंडानं बोलू?

अमावस्येले तुझा काका पुजाऱ्याले घेऊन आलाच. लिंबं, शेंदूर, काळी कोंबडी. टोल्यातली अर्धी माणसं अंगणात जमा. मोनाली पोरीले पोटाशी धरून दारात उभी. मी पुढं झाली. पुजाऱ्याले म्हटलं, बापा, हवा काढाची असन तर आधी जिच्या हातून शिरली तिची काढ. आणि सर्व्यात पहिले मीच त्याच्यासमोर बसली. मंग म्हटलं, ज्यानं ज्यानं पोरीले झाकण पाजलं, त्यानं माझ्या बाजूले येऊन बसाचं. रुख्मिणी तुझ्या काकाकडं न पाहता येऊन बसली. तुझा भाऊ अतुल बसला. मोनालीही बसली. चौघंही रांगेत, आणि पुजाऱ्याले समजेना कोणापासून सुरू करावं! बाया पदर तोंडाले लावून हासल्या. मंग मी प्रज्ञाले म्हटलं, मान फिरवून दाखव. पोरीनं इकडं फिरवली, तिकडं फिरवली, वरतून जीभ काढून दाखवली. पुजारी लिंबं उचलून चालता झाला. कोंबडी मात्र सोडून गेला. ती आम्ही शिजवली आणि प्रज्ञानं तंगडी खाल्ली.

काका पंधरा दिवस बोलला नाही. पण मागच्या हप्त्यात त्याच्या नातवाले, दुधरामच्या लहान्याले, ओकाऱ्या लागल्या. काका आपल्याच घरी आला, पुजाऱ्याकडं नाही. मोनालीनं पुडीचं पाणी कसं चमच्यानं पाजाचं ते दाखवलं. दुपारवरी थांबलं नाही म्हणून काकानं सोताच पोराले दवाखान्यात नेलं. मॅडमनं पोराचं वजन केलं आणि औषध लिहून देल्लं.

घरी येऊन काकानं मापून एकच खेप पाजली. आणि मंग चौकात उभा राहून, हात तोंडाजवळ धरून, अख्ख्या टोल्याले ऐकू जाईल असा बोंबलला का माझ्या नातवाले औषध देऊन झालं, आता कोणीही, माझी बायकोसुद्धा, त्याले काही पाजाचं नाही!

हे वाचून तुझी माया दुप्पट झाली पाह्यजे.
तुझी आई,
पार्वताबाई