एकवीस दिवसांची बंद खोली

मोहाडी,
१२ मार्च १९८५

आदरणीय सर,

आई आजारी असल्याची तार खोटी होती. मी घरी पोहोचले तेव्हा आई पोह्यांना फोडणी देत होती आणि लाखनीची मंडळी मला पाहायला आली होती.

मुलाच्या आई ललिताबाईंनी विचारले, "काय वो पोरी, नागपुरात दिवसभर काय करतेस?"

स्थळ मोडावे म्हणून, आयुष्यात प्रथमच, मी परक्यांसमोर सविस्तर बोलले. अवकाशयानातून जाणाऱ्या पेशींची रंगीत तालीम म्हणून मी एकवीस दिवस बंद खोलीत राहिले, दर आठ तासांनी पेशी तपासल्या, कोणाशी बोलले नाही, खिडकीही उघडली नाही, हे सारे सांगितले. ऐकून मंडळी घाबरतील, असे मला वाटले होते.

ललिताबाई बाबांकडे वळल्या. "वासुदेवराव, असी घरात टिकनारी पोरगी आजकाल कोठी भेटते? आमाले पसंत हाये."

सगळे हसले. बाबाही हसले. साखरपुडा शुक्रवारी ठरला. त्याच दिवशी आपल्या पेशींच्या कुप्या रवाना व्हायच्या आहेत.

सर, गुरुवारी पेशींचे पोषकद्रव बदलावे लागेल. कुपी तिरपी धरून ते कडेने सोडावे, नाहीतर तळाला चिकटलेल्या पेशी सुटतात. हे मी वहीत लिहिले नाही, कारण ते काम माझेच आहे असे मी धरून चालले होते.

साखरपुड्यापर्यंत मला घराबाहेर पडायची परवानगी नाही, आणि हे पत्र बाबांच्या हाती देता येत नाही. पोस्टात जाऊ का, असे मी आईला विचारले. ती दार लोटत म्हणाली, "बस ना माय घरात. तुले तं सवय हाये."

आपली विद्यार्थिनी,
शशिकला तितिरमारे