वेताळापुढं कुंकू

न्हावरे, ता. ९ ऑगस्ट १९९८

चि. सगुणास, तुझ्या आक्काचे आशीर्वाद. वि. वि. मी सांगतीया, नात शितल लिहितीया.

तुझे दाजी मेल्यावर रगत पिणाऱ्यांत गेले, हे तुला ठावं हाय. भर दुपारी उंबऱ्याबाहेर येऊन बसत्यात. मी सुई टोचून बोट पुढं करते. मेल्यावर लाजायला शिकलेत, दात लागू देत न्हाईत. पण वेताळाच्या दरबारात शिस्त लई कडक. वर वेताळ, खाली खवीस, मग हडळी, आन् पार तळाला आमचे मालक.

आता विहिरीतली हडळ रतनबाई त्यांना नवरा म्हणून मागतीया. माझ्याआधी हीच त्यांना सांगून आली व्हती, पण लग्नाआधीच बुडून मेली. तिच्याशी जमलं तर मालक वेताळाच्या पालखीम्होरं चालणार, पण जित्या माणसाच्या दारात यायची बंदी. बायकोनं कुंकू पुसलं म्हंजी हक्क सोडला, असा तिकडचा कायदा म्हणं. मी पुसलं व्हय? चार बायांनी धरून पुसलं! अवसेला दुपारी निवाडा हाय. मी कुंकू लावून जाणार. मेली अजून विशीतलीच दिसती, आन् मला दाढा बी न्हाईत.

माया पातळ करू नगंस.
तुझी आक्का, धुरपदा

दौंड, ता. १४ ऑगस्ट १९९८

ती. गं. भा. आक्कास, सगुणाचा नमस्कार. वि. वि.

शितल, सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. आक्का, विधवा बाई कपाळभर कुंकू लावून गावातून निघाली, तर साहेबराव पोटचा असला तरी तुझ्याशी बोलेल का? त्याच्या लेकीची, या शितलचीच, सोयरीक जुळत आली आहे. सत्तरीत सवतीशी कसली भांडतेस? जाऊ दे दाजींना. त्यांना तरी बढती मिळेल.

खरं सांगू, माझाच जळफळाट होतो. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, एकदाही दाराशी आले नाहीत. तुझ्याकडे कुणी रक्त प्यायला तरी येतं.

रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी सगुणा

न्हावरे, ता. २४ ऑगस्ट १९९८

चि. सगुणास आशीर्वाद. वि. वि. पैलं, माझ्या नावाम्होरं गं. भा. लिहायचं बंद कर.

मी गेले. पारावरची माणसं बोलायची थांबली. साहेबराव तोंड फिरवून जेवतोय. सोयरीकवाल्यांनी थांबतो म्हणून निरोप धाडला. शितल म्हणती, थांबू देत.

वेताळाच्या दगडापाशी सगळा दरबार उतरला व्हता. रतनबाई मला आजीबाई म्हणाली. मी म्हनलं, व्हय गं, आपण दोघी एकाच सालातल्या. वेताळानं माझं कपाळ बघितलं, कुंकू हाय म्हंजी हक्क हाय म्हणाला, आन् निवड मालकांवर टाकली. हे तिच्याकडं बघत राहिले. लई येळ बघितलं, सगुणे. मग उठून माझ्या शेजारी आले. पण ते बघणं मी सरणावर बी इसरायची न्हाई.

हडळीला नकार दिला म्हणून दरबारातनं त्यांचं नाव गेलं. आता पालखी न्हाई, दुसऱ्या कुणाचं रगत न्हाई. फकस्त माझं. मी गेले की उपाशी. मी इचारलं, एवढं सोडून आलात, मग तिच्याकडं बघत का व्हता? तर म्हणाले, तू विशीत कशी दिसायचीस ते आठवत व्हतो.

खोटंच असंल. म्हणून काल बोट दिलं न्हाई. आज दिलं.

तुझी आक्का
सौ. धुरपदा हौशीराम, हिचा आंगठा