दुर्गाघाटची अभ्यासिका मी वाचवली

३ नोव्हेंबर
आजपासून समाजासाठी जगायचं. निर्णय पक्का. दिल्लीची डिग्री, बाबांचं हॉस्पिटल, दारात दोन गाड्या. एवढं मिळालेल्या माणसावर जबाबदारी येतेच. आईला सांगितलं. म्हणाली, आधी आंघोळ कर.

४ नोव्हेंबर
दुर्गाघाट, गंगेकाठची जुनी वस्ती. गल्लीत गाडी जात नाही, म्हणून ड्रायव्हरला मैदागिनच्या चौकात थांबवून चक्क पायी गेलो. ग्राउंड रिअ‍ॅलिटी! बाबांचे चुलतभाऊ नीलकंठकाका यांच्या घराखालच्या खोलीत गल्लीतल्या मुली अभ्यासाला बसतात. घरी जागा नाही, गोंगाट फार. काकांनी खोली फुकट दिलीय. बकुळ सगळं बघते. तीही शिक्षकभरतीची परीक्षा देतेय. मी विचारलं, तुमची सगळ्यात मोठी गरज कोणती? म्हणाली, "शांती, भैया." व्हिजन शून्य. मलाच बघावं लागणार.

७ नोव्हेंबर
मुलींपुढे लीडरशिपवर बोललो. सगळ्या मान खाली घालून भराभर लिहीत होत्या. भारावलो. नंतर कळलं, गणितं सोडवत होत्या. असो. कानावर पडलंच असेल.

११ नोव्हेंबर
कुणाल आला. माझा हॉस्टेलचा रूममेट. त्याच्या वडिलांची हॉटेलं आहेत. अभ्यासिकेच्या खिडकीतून गंगा दिसताच फोटोच काढत सुटला. संवेदनशील मुलगा. त्याला प्लॅन सांगितला: पुढे छोटा कॅफे, मागे अभ्यासिका, कॅफेच्या कमाईवर मुलींची पुस्तकं. काकांनाही समजावलं की एवढी मोक्याची जागा त्यांनी अशीच अडकवून ठेवलीय. काका विचारात पडले. माणसांना विचार करायला लावणं हे मला जमतं.
बकुळ म्हणाली, परीक्षा होईपर्यंत काही बदलू नका. शब्द दिला.

१९ नोव्हेंबर
सर्दी. गल्लीतली धूळ सोसत नाही. समाजकार्य तूर्त फोनवरून. कुणाल मात्र रोज काकांकडे जातोय. असा मित्र मिळायला भाग्य लागतं.

२६ नोव्हेंबर
बकुळचा फोन. काकांनी खोली रिकामी करायला सांगितलीय. परीक्षा पुढच्याच आठवड्यात.
लगेच कुणालला विचारलं. म्हणाला, करार झाला, फक्त कॅफे. अभ्यासिका नंतर बघू. "तुझ्याच आयडियेतलं जे चालेल ते घेतलं, यार." यार! हा तापाने फणफणला होता तेव्हा मी त्याला मोसंबी सोलून भरवली होती. जेवण गेलं नाही. काकांनी फोन उचलला नाही.

२७ नोव्हेंबर
बकुळ घरी आली. पहिल्यांदाच. चहा घेतला नाही. विचारलं, परीक्षेपर्यंत आमच्या वरच्या मजल्यावर बसू का? वर माझी ट्रेडमिल आहे. शिवाय आईला वर्दळ चालत नाही. मी समजावलं की असे तात्पुरते उपाय काही कामाचे नाहीत, मुळापासून बदल हवा. "ठीक है," म्हणाली आणि गेली. तिला पटलं.

२९ नोव्हेंबर
खोलीच्या दारात आमरण उपोषण. कॉलेजच्या ग्रुपवर कळवलं होतं. सगळ्यांनी अंगठे पाठवले. आलं कोणी नाही. कुणाल वर काकांच्या घरातून बघून गेला, खाली उतरला नाही. कॅफेचं सामान आणणाऱ्यांनी सरकायला सांगितलं. सरकलो, कारण मार्ग अहिंसेचा आहे. दुपारी चक्कर आल्यासारखं वाटलं. कचौरी घेतली. लढा सुरूच.

२ डिसेंबर
मुलींनी दुसरी खोली शोधलीय. गल्लीत विचारत विचारत पोचलो. कोंदट, दिवसाही दिवा लागतो. सगळ्या जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या. बकुळ उठून बाहेर आली, दार ओढून घेतलं. मी तिला सगळं सांगितलं: कुणालने कसं फसवलं, ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला त्यानेच पाठ फिरवली. तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, "हमारे साथ भी यही हुआ." कुणाल तिच्याशीही असाच वागला असणार.
मी म्हटलं, आता ही खोली मी नीट करून देतो. चांगल्या लोकांशी ओळख करून देतो.
ती घाबरली. खरंच घाबरली. हात जोडले. "शार्दूलभैया, एकच करा. ही खोली कुठे आहे ते कुणाला सांगू नका."
कबूल केलं. "पक्का?" म्हणाली. पक्का म्हटलं. तरी मी वळेपर्यंत ती दारातच उभी होती.
म्हणून पत्ता इथेही लिहीत नाही.