समोरच्या काठावरची वाळू

२ जून

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. नदीने आपलं अंगण खाल्लं आणि समोरच्या काठावर वाळू साचली, म्हणून ती आपली? त्यासाठी तिथे खुंटे ठोकून नावाड्याशी भांडतोस! अरे, नद्यांचे नकाशे काढता काढता माझे केस पिकले. नदी वळणाची बाहेरची बाजू कापते, आतल्या बाजूला वाळू टाकते. आपलं घर बाहेरच्या बाजूला. नावाड्याकडची वाळू वरच्या वळणांवरून आलीय. आपली माती बहुतेक खालच्या वळणावर, आपल्याच काठाला जाऊन बसली असेल. तिथे जा भांडायला!

पण आधी आईला माझ्याकडे आणून सोड. वरच्या डोंगरांत पाऊस झाला की सगळे ओढे नदीत येतात आणि पाणी तुमच्याच काठावर आदळतं. एवढं तरी ऐक.

काळजीत,
ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे नकाशे तुझ्यापाशी. अंगण माझ्या डोळ्यांदेखत गेलं, वाळू डोळ्यांदेखत आली. नावाडी म्हणतो, हवी तर टोपलीतून घेऊन जा. चेष्टा करतो! या वाळूच्या भांडणाचा निकाल लागण्याआधी घर सोडलं तर हक्क गेलाच. आई म्हणते, बंडू हलला की मी हलेन.

रागाव, पण लिहीत राहा.
बंडू

१४ जून

चि. बंडूस आशीर्वाद, आज निम्मेच.

पालथ्या घड्यावर पाणी! वाळू घाल चुलीत. रजा मिळाली की मीच येते आईला न्यायला.

ताई

२१ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

येशील ती नावाड्याच्या काठाने ये. आपल्या बाजूचा रस्ता तुटलाय. काल दुपारी स्वयंपाकघर नदीत गेलं. मी तेव्हा वाळूवर खुंटे बघायला आलो होतो. पाणी असं झपाट्याने चढलं की माझी होडी वाहून गेली. पलीकडे आई दारात एकटी उभी, आणि मी नुसता ओरडतोय. नावाडी आपली होडी घेऊन गेला आणि तिला घेऊन आला.

आम्ही त्याच्याच घरी आहोत. आई सुखरूप आहे. वाळू पाण्याखाली आहे. स्वतःची फार चीड आलीय. नावाडी एका शब्दाने टोमणा मारत नाही, ते जास्त लागतं.

आई खिडकीशी बसून उरलेलं घर बघते. मलाही बघ म्हणते. मी तिकडे पाठ करून हे लिहितोय.

माया कमी करू नकोस.
बंडू