माठावर चालणारं मशीन

१ एप्रिल २०२५

माझ्या हातानं झालेलं, आजवर — स्टेशन रोडच्या दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स यायच्या आधीच्या, एकूणएक. शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा — कृष्णेचं एक वळण चुकलेलं दाखवा! अर्फाचा पाळणा. बायकोच्या, रेश्माच्या, शिलाई मशीनचं टेबल. मशिदीतला नमाजच्या वेळांचा फलक. दोन रेडिओ. आणि हा कॉम्प्युटर.

विकत घेतला असं कुणी म्हणू नये. आतले भाग जुन्या बाजारातले, कबूल. पण सागवानी पेटी माझी. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा माझा — कानशीनं घासून आरशासारखा केलाय, आत पाण्याला वाट पाडलीय. आणि गार करायला पंखा नाही — माठ! कूलरचा छोटा पंप माठातलं पाणी ठोकळ्यातून फिरवतो, तापलेलं पाणी परत माठात, माठ ते गार करतो. हे मला कुणी शिकवलं नाही. नववीनंतर मला कुणीच काही शिकवलं नाही.

प्रोसेसरचा कंपनीनं ठरवलेला वेग ३.७ गिगाहर्ट्झ. मी ४.५ वर पळवतोय. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात याला.

काल ईद झाली. शीरखुर्मा अजून आहे. शुक्र आहे.

३ एप्रिल

अर्फा सांगलीहून आली, दुपारच्या गाडीनं. ॲनिमेशनचं शेवटचं वर्ष. दोन मिनिटांची फिल्म करून ५ मेला द्यायचीय. तिचं काम होत आलंय, आता रेंडर — म्हणजे एकेक चित्र उजेड-सावलीसकट कॉम्प्युटरनं काढायचं. कॉलेजात मशीनं थोडी, पोरं फार, नंबर लावावा लागतो. मी म्हणालो, घरी करू. बाप काय मेलाय का?

हिशेब मांडला. कंपनीच्या वेगानं पंधरा दिवस. माझ्या वेगानं साडेबारा. २१ तारखेच्या आत तिचं काम आटपत नाही, म्हणजे हातात तेरा धरायचे. बसतंय! पण ४.५ वरच बसतंय.

सगळ्यात जड शेवटचा सीन. वीसच सेकंदांचा. फिल्म अशी — गावात फ्लेक्स लागतात, आणि खालची रंगवलेली जुनी अक्षरं रात्री पाट्यांवरून उतरतात. शेवटी हजारो अक्षरं स्टेशन रोडनं चालत पेंटरच्या घरी येतात. प्रत्येक अक्षराला स्वतःची सावली. अक्षरं माझीच आहेत — दिवाळीत तिनं माझ्याकडून कागदावर काढून घेतली होती, कशाला ते सांगितलं नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, ‘ळ’ची गाठ जरा सैल झालीय.

५ एप्रिल

चाचणी. प्रोसेसरला पूर्ण जुंपून आठ तास. एकदाही अडखळला नाही. तापमान ६४. माठात दोन लिटर पाणी वर घालावं लागलं, टेबलही ओलं होतं — तेवढंच खटकतं.

८ एप्रिल

वीरधवल येऊन गेला. सांगलीत त्याचं फ्लेक्सचं दुकान, आता शेजारी गेमिंगचंही काढलंय. माझं पोट ज्या फ्लेक्सनं मारलं त्यातलेच थोडे त्याचे — पण माणूस दिलदार. आल्याआल्या : “पेंटर, माठात कॉम्प्युटर शिजवताय व्हय?”

“शिजवत नाही, थंड करतोय. तुमच्या डोक्यालाही लावून देऊ का एक?”

लय हसला. मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला.

तो येणार म्हणून कालच माठ रंगवला होता, ते व्हिडिओमुळं सार्थकी लागलं. पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात, वर निळ्यात ‘अर्फा ॲनिमेशन, रहिमतपूर’, लाल शेडिंग. पाच वर्षांनी एवढी मोठी अक्षरं काढली. हात थरथरला नाही. शुक्र आहे.

आणि फायदा बघा — पाझर थांबला! टेबल कोरडं ठाक. काल रात्रीपासून पाणी वर घालावं लागलेलं नाही.

१० एप्रिल

बंद पडलं. चाचणीच्या तिसऱ्या तासाला निळी स्क्रीन.

११ एप्रिल

परत. या वेळी दुसऱ्याच तासाला. स्क्रीन गोठली, माउस हलेना.

असल्या वेळी चारचौघं करतात ते करायचं नाही — सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट. आज रॅम. एक पट्टी काढून चाचणी, मग दुसरी काढून. दोन्ही निर्दोष. रॅमचा वेगही खाली आणून पाहिला. तरी बंद.

१२ एप्रिल

घरची वीज. पलीकडची गिरणी सुरू झाली की दाब पडत असेल म्हणून मीटर लावून बसलो. २२८, २२६, २२९. गिरणीवाल्याला उगाच मनात चार शिव्या दिल्या होत्या. परत घेतल्या.

१३ एप्रिल

ठोकळा काढला, त्याखालची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढीच. तोच प्रकार.

प्रोसेसरला वीज थोडी वाढवून दिली — वेग वाढवला की खुराक वाढवावा लागतो. उलट लवकर बंद पडलं. तापमान ९३! म्हणजे आजार तापाचा आहे. पण ताप का? पंप चालू आहे. नळीत पाणी पळतंय, डोळ्यांनी दिसतंय. माठातलं पाणी मोजलं — ४६ अंश. एप्रिलच आहे, दुसरं काय.

१४ एप्रिल

४.५ वरून ४.३. जरा जास्त टिकलं, पण शेवट तोच.

१६ एप्रिल

अर्फा हळूच म्हणाली, “अब्बा, कॉलेजात नंबर लावू का? आज सांगितलं तर सव्वीसनंतर मशीन मिळेल. शेवटचा सीन तेवढा नाही होणार.”

“आणि मी काय इथं माश्या मारतोय?”

ओरडायला नको होतं. ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेली. तिच्या ताटातली भाकरी तशीच.

१७ एप्रिल

लिहून ठेवतो, कारण हे विसरायचं नाही.

मी माठासमोर बसलो होतो, तोंड पाडून. रेश्मा चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नाही म्हणून एका हातानं माठाला टेकली, आणि तशीच थांबली.

“आवं, ह्याला घाम का नाही?”

“कशाला?”

“माठाला. कोरडा आहे की. आणि गरम.” मग तिनं माझी निळी अक्षरं बघितली, मग माझ्याकडं. “तुम्हाला एप्रिलात रेनकोट घालून उन्हात बसवलं तर कसं वाटेल?”

मी पण माठाला हात लावून पाहिला.

माठ गार राहतो तो पाझरतो म्हणून. पाणी अंगावर येतं, वाऱ्यानं सुकतं, सुकताना उष्णता घेऊन जातं. हे मला माहीत होतं! त्यावरच तर सगळं उभं केलं! आणि मीच ऑइलपेंटचे दोन हात देऊन त्याची सगळी तोंडं बुजवली. वर लिहून ठेवलं — पाणी घालावं लागत नाही, फायदा बघा.

रॅम तपासली, वीज तपासली, पेस्ट तपासली. माझ्या हातानं केलेलं तेवढं सोडून सगळं तपासलं.

रेश्माला म्हणालो, तू होतीस म्हणून. ती म्हणाली, “चहा प्या. गार झाला — माठापेक्षा.”

१८ एप्रिल

गुंडा कुंभाराकडं गेलो. सत्तरीचा माणूस. माझ्या लहानपणी वडलांबरोबर जायचो तेव्हापासून तसाच दिसतो. झालं ते सांगितलं. हसून हसून खोकला लागला त्याला.

“पेंटर, तुज्या बापानं माज्या दुकानाची पाटी रंगवली. तवा तू डबा धरून हुबा हुतास. आनि तू माज्या माठाला रंग फासलास व्हय रं!”

मग एकेक माठ उचलून बोटानं वाजवत गेला. सहावा की सातवा बाजूला काढला. “ह्यो घे. ह्यात रेती बराबर पडल्या. असा पाझरंल बघ — पर ह्येच्यावर लिवायचं न्हाई!”

पैसे देताना रंगवलेल्या माठाचं काय करू, विचारलं. म्हणाला, “मला आन. दारात ठिवतो. माल माजा, अक्षार तुजं.”

जुम्म्याच्या नमाजात आज त्याच्यासाठी दुआ मागितली. त्याला सांगायला नको. परत खोकला लागेल.

२० एप्रिल

नवा माठ. ४.५. दहा तास. ६३. टेबल ओलं. टेबलाखाली परात ठेवली — टपटप आवाज येतोय, ऐकत बसावंसा वाटतो.

२१ एप्रिल

रेंडर सुरू. अर्फानं बटन माझ्याकडून दाबून घेतलं. पहिलं चित्र आलं — पहाटेची पेठ, माझ्या अक्षरातलं ‘किराणा भुसार’. रेश्मानं पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, धूळ आहे. खरं तर मलाच लागली होती.

२३ एप्रिल

चालू आहे. शुक्र.

२५ एप्रिल

जुम्म्याहून आलो तर अर्फा दारातच उभी. चेहरा उतरलेला. काय झालं? काही नाही, सगळं ठीक चाललंय.

जेवताना म्हणाली, शेवटचा सीन काढून टाकते. “बरा दिसत नाहीये अब्बा. फार गर्दी होते.”

वाद घातला थोडा. मग सोडून दिलं — फिल्म तिची आहे. मला पाट्या कळतात, फिल्म कळत नाही. रेश्मा मध्येच म्हणाली, “तिला ठरवू द्या.” बरं.

स्क्रीनवरचं वेगाचं मीटर सारखं उघडं ठेवू नका, अर्फा म्हणाली, रेंडरवर ओझं पडतं. पटलं. आता ती प्रोसेसरचं तापमान सांगते आणि मी माठातलं पाणी मोजतो. आपापली खाती.

२९ एप्रिल

५२! गुंडाच्या माठाला तोड नाही. पाणीसुद्धा निम्मंच घालावं लागतंय. पाझरायचा थांबला की काय म्हणून हात लावून पाहिला — अंग ओलं, गार. जसजसा वापरात येतोय तसा सुधारतोय.

गुंडाला जाऊन सांगितलं. म्हणाला, “मग! माठ हाय त्यो, जावई न्हाई.”

३ मे

झालं! दोन दिवस हाताशी राखून. एकही चित्र खराब नाही.

५ मे

अर्फा सकाळच्या गाडीनं सांगलीला, फिल्म घेऊन. स्टेशनवर माझ्या पाया पडली. ही रीत आमच्यात नाही. मी म्हणालो, हे काय? म्हणाली, काही नाही.

१२ मे

अर्फा निकाल घेऊन घरी आली. वर्गात दुसरी! पुण्याच्या एका स्टुडिओनं तिघांना कामावर बोलावलंय, त्यात तिचं नाव आहे. सर म्हणाले म्हणे, फिल्म चांगलीच आहे, पण शेवट एकदम येतो, काहीतरी राहून गेल्यासारखा. मी तिला सांगितलंच होतं! पण आज बोललो नाही.

कोणाकोणाचे आभार मानू. रेश्माचे, तिच्या हाताचे. गुंडाचे. ज्यानं रॅम विकली त्याचे. गिरणीवाल्याचेही, शिव्या दिल्या म्हणून. आणि हे हात अजून साथ देतात, त्याचा शुक्र.

वीरधवलचा फोन होता. माठाचा व्हिडिओ त्याच्या गिऱ्हाइकांना फार आवडलाय. परवा येतोय, बोलायचं आहे म्हणाला. मशीन पुसून ठेवलं. ४.५ चा आकडा त्याला स्क्रीनवर दाखवायचाय.

१४ मे

वीरधवलसमोर सेटिंग उघडलं. ३.७.

त्याला काही कळलं नाही, मला कळलं. अर्फा दारात उभी होती. तो गेल्यावर बोलली. पंचवीस तारखेच्या जुम्म्याला मी मशिदीत होतो, तेव्हा मशीन परत बंद पडलं होतं. नव्या माठासकट. तिनं वेग कंपनीचा करून टाकला, आणि तेवढ्या वेळात बसेल एवढीच फिल्म ठेवली. “तुम्ही महिनाभर झोपला नव्हता अब्बा.” रेश्माला सगळं ठाऊक होतं. माठ सुधारला नव्हता. मशीनच सावकाश चालत होतं, म्हणून पाणी कमी लागत होतं — दुसऱ्यांदा तेच पाणी, दुसऱ्यांदा मी चुकीचं वाचलं.

राग यायला हवा होता. आला नाही. तिला म्हणालो, तो सीन लाव.

संध्याकाळी सात वाजता लावला. ३.७ वर. लागू देत कितीही दिवस. पहिल्या चित्रात रस्ता रिकामा आहे, आणि लांबून एकच ‘ळ’ येतोय. गाठ घट्ट केलीय तिनं.

वीरधवलला आत्ता फोन करून नाही म्हणालो. मशीन रिकामं नाही. माठासकट पासष्ट हजार देत होता.