वेवजीचं पाणी

प्रिय उमेश,

परवा तू राजीनाम्याचं बोललास, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात फिरतोय. पोटाला वार कळतात का? तलासरी नाक्यावरून तुझ्या वेवजीच्या शाळेकडे रिक्षा सुटली की तुझ्या पोटात पीळ पडतो आणि रविवारी काहीच होत नाही, हे कसं? तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तू दूध सोडलंस, डाळ सोडलीस, डहाणू तालुक्यात राहून चिकू सोडलेस. शेवटी वेवजीचं पाणीच बाधतं असं ठरवून कैनाडच्या आपल्या विहिरीचा कॅन रोज शाळेत नेऊ लागलास. पोरं तुला टँकरसर म्हणतात, ठाऊक आहे ना?

आता ऐक. दिवाळीची सुट्टी लागली आणि तू शाळेतून थेट आगरला माझ्याकडे आलास. सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी, वर चिकू. पोटाने हूं की चूं केलं नाही. कॅन उशाशी होताच. काल तुझ्या शाळेतल्या संगिताबाई भेटल्या. तू निघताना कॅन रिकामा दिसला म्हणून त्यांनी तो शाळेच्या हातपंपावर भरून दिला होता. म्हणजे विहिरीचं पाणी पिऊन तू शाळेत कळवळलास आणि वेवजीचं पिऊन माझ्याकडे गाढ झोपलास.

मग मी पुस्तकं काढून बसले. पोट आणि मेंदू सतत एकमेकांना निरोप धाडतात म्हणे. काळजी खाली उतरते, कळ वर चढते, दोघं एकमेकांना भडकवतात. दुखणं खोटं नाही, खरंच आहे. जूनमध्ये मुख्याध्यापकाचा कार्यभार तुझ्यावर आला आणि पोट बिघडलं तेही जूनमध्येच. हे आपल्याला दिसलं कसं नाही?

डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे ताणाने बिघडणारं आतडं, सांगितलं, मनाच्या डॉक्टरांनाही भेटा म्हणाले, तर तू ताडकन उठलास. "मी वेडा नाही." अरे, म्हणतंय कोण? पोट दाखवायला लाज नाही, मग मन दाखवायला कसली? गावोगाव भाषणं देत फिरते, तेव्हा हेच मी भर सभेत ठणकावून सांगते, टाळ्या घेते. पण त्याआधी मी कुठे असते? संयोजकांना वाटतं, ताई मुद्दे काढतेय. ताई संडासात असते. प्रत्येक सभेआधी, इतकी वर्षं.

म्हणून हे पत्र. सोमवारी शाळा उघडली की लगेच राजीनामा देऊ नकोस. गुरुवारी त्या मनाच्या डॉक्टरांकडे दोन नंबर लावलेत, पहिला माझा. मी बाहेर आले की वेडी दिसते का ते नीट बघ, मग आत जायचं की नाही ते तू ठरव. कॅन मात्र घरी ठेवून ये.

तुझीच, तुझ्यासारख्याच पोटाची,
प्रभाताई