डबा वाजवून बघणारी मुलगी

२८ सप्टेंबर २०२५, अकोला

खुशीचा फोन. दादाची पोरगी, नऊ वर्षांची, पण हुकूम पाटलिणीचा! ‘आत्या, दसऱ्याले येच. आमी भुलाबाई बसवली. तुले म्हने लय गाने येत होते!’ म्हणे! अगं, अख्ख्या गल्लीत माझ्याएवढा गळा कोणाचा नव्हता.

पण खरा नाद खाऊ ओळखायचा. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो; प्रत्येक घरी गाणी संपली की खाऊचा झाकलेला डबा पुढे यायचा. मी तो कानाशी धरून वाजवायचे. दाणे वेगळे वाजतात, शंकरपाळे वेगळे. काकडी वाजत नाही, पण वासावरून सापडते. नाहीच जमलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मगच झाकण उघडणार. आमची माय खेळायला बसली की काही केल्या ‘हरली’ म्हणायची नाही. चुलीवर दूध उतू गेलं तरी नाही!

३० सप्टेंबर

समुपदेशनाला गेले. माधवी मॅडमनी विचारलं, ‘ते घडलं त्याच्या आधीची तू, ती छोटी करिश्मा, आठवते का?’ आठवते की! दोन दिवस तीच डोक्यात बडबडतेय. मी तिला उगाच बिचारी करून ठेवलं होतं. चांगली भांडकुदळ होती कार्टी.

मग तेही लिहून टाकते. अकरा वर्षांची होते. भुलाबाईचेच दिवस. बाबांचे चुलतभाऊ भगवंतकाका म्हणाले — आता ‘म्हणाले’ कशाला? म्हणाला — ‘खाऊ मागच्या खोलीत आहे. तू एकटी ये, ओळखून दाखव.’ मी ऐटीत गेले. त्यानं जे केलं त्याला लैंगिक अत्याचार म्हणतात. हा शब्द याच वर्षी माझ्या तोंडून निघाला. त्यानंतर मी डब्याला हात लावला नाही.

ती ऐट मला परत हवी आहे.

२ ऑक्टोबर, चांदूर बाजार

दसरा. अंगणात आमच्याच शेतातल्या झेंडूचा ढीग. माय हार ओवता ओवता माझ्याकडे चोरून बघते. त्या वर्षी मी गप्प झाले तेव्हापासून अशीच बघते. नजर लागली म्हणून रिद्धपूरला देवाला नेलं. रक्त कमी म्हणून अमरावतीच्या डॉक्टरकडे नेलं. पुढे पुढे — ‘कोन्या पोरात जीव अडकला काय वं?’ किती अंदाज बांधले बिचारीनं! एकही लागला नाही.

संध्याकाळी खुशीला गाणी शिकवली. आवाज फुटला एकदाचा! तोच ठेका, त्याच टाळ्या. इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मग खुशी म्हणाली, ‘परवा भगवंतआबाच्या घरी जाचं आहे.’

३ ऑक्टोबर

मायला म्हटलं, ‘खुशीले त्याच्या घरी नको पाठवू.’

‘काऊन?’

‘नको म्हन्लं ना!’

‘वावराच्या धुऱ्या-बांधाचं भांडन झालं काय? तुह्या लग्नाचं काही बोलला काय तो?’

पुन्हा अंदाज! आणि मी उठून भांडी घासायला निघून गेले. उद्या पोरी त्याच्या घरी जाणार. स्वतःचा असा राग आला!

४ ऑक्टोबर

दुपारी माय माझ्याजवळ येऊन बसली. फुलं संपली होती, तरी सुई हातातच. पोरींची भुलाबाई आज आमच्याच अंगणात, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कारण विचारलं नाही.

मग म्हणाली, ‘हरली मी, पोरी. उघड डबा.’

सांगितलं. सगळं.